नारू, बारव आणि भिंग

आमच्या लोहा-कंधार भागात सत्तरी ओलांडलेल्या काही माणसांच्या घोट्याजवळ किंवा पोटरीवर एक वण दिसतो. जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढा, कडेने कातडी ओढून शिवल्यासारखा. विचारले तर उत्तर एका शब्दात मिळते : नारू. हा शब्द आता तरुण वाचकांना उलगडून सांगावा लागतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पायावर आधी फोड येई, त्याची आग होई, फोड फुटला की त्यातून पांढऱ्या शेवईसारखा काहीतरी धागा डोके बाहेर काढी. तो हळूहळू काडीला गुंडाळायचा. रोज बोटभर, फार तर दोन बोटे. पूर्ण बाहेर यायला आठवडे लागत, कारण त्याची लांबी दीड-दोन हात असे. घाईने ओढला आणि आत तुटला, तर पाय सुजून पिकणार. हे सगळे बहुधा उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर. म्हणजे ज्या दिवसांत घरात एकही पाय बसून राहणे परवडत नाही, नेमक्या त्या दिवसांत.

माझी आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली, "जनावर कशाचं, शीरच असती ती. उन्हानं सुटून बाहेर येती." मी शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे तिची समजूत घालायचा प्रयत्न पुष्कळदा केला. पुढे या रोगाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले की आजी मोठ्या लोकांच्या पंगतीत बसली होती. अरबी वैद्यकात याला ‘मदिनेची शीर’ म्हणत. अकराव्या शतकातल्या इब्न सीनाने याच नावाखाली त्याचे वर्णन केले आहे. आपल्याकडच्या मध्ययुगीन आयुर्वेद ग्रंथांत त्याला ‘स्नायुक’ म्हटले आहे. शीर, स्नायू, तंतू : शरीराच्या आतलेच काहीतरी बाहेर येते आहे, असे ज्याने ते पाहिले त्याला वाटले. डोळ्यांना दिसत होते ते तसेच होते. अडचण अशी की या रोगाचे अर्धे कारस्थान डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराच्या थोडे अलीकडे चालते आणि अर्धे थोडे पलीकडे. ही सीमा नेमकी कुठे आहे, हे आधी पाहायला हवे.

एखादी वस्तू आपल्याला केवढी दिसते, हे ती डोळ्याशी केवढा कोन करते यावर ठरते. माळेगावच्या जत्रेत उंच आकाशपाळणा दिसतो, पण एक डोळा मिटून दुसऱ्यासमोर अंगठा धरला की अख्खा पाळणा झाकला जातो. अंगठा जवळ आहे, म्हणून त्याचा कोन मोठा. तेव्हा बारीक वस्तू मोठी पाहायची तर साधा उपाय म्हणजे ती डोळ्याजवळ आणणे. आपण सुई ओवताना तेच करतो. पण या उपायाला मर्यादा आहे. साधारण २५ सेंटिमीटरच्या आत वस्तू आली की डोळ्यातले भिंग तिचे किरण पडद्यावर जुळवू शकत नाही आणि ती अंधूक होते. वय वाढले की ही मर्यादा दूर सरकते. वर्तमानपत्र धरलेला हात लांब लांब जाऊ लागतो आणि चाळिशीत चाळशी लागते. आपल्या भाषेने चष्म्याला दिलेले हे नाव म्हणजे प्रकाशशास्त्रातला एक नियमच आहे.

फुगीर भिंग काय करते? ते वस्तूला मोठे करत नाही. तिला डोळ्याच्या अगदी जवळ येऊ देते आणि तरी स्पष्ट ठेवते. वस्तूपासून निघालेले पसरणारे किरण ते आत वळवते आणि मग डोळ्याला ते दूरवरून आल्यासारखे वाटतात. ज्या भिंगाचे नाभीय अंतर अडीच सेंटिमीटर, त्यातून वस्तू २५ ऐवजी अडीच सेंटिमीटरवर आणून पाहता येते. दहापट जवळ, म्हणून दहापट मोठी. सगळा हिशेब एवढाच. भिंग जितके फुगीर, तितके त्याचे नाभीय अंतर कमी आणि विवर्धन जास्त. पावसाळ्यात अळूच्या पानावरचा गोल थेंब निरखला, तर त्याच्याखालच्या शिरा ठळक दिसतात, तेही याच कारणाने.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक याने हा हिशेब टोकाला नेला. कापडाच्या धंद्यात सूत मोजायला भिंग लागतेच. त्याने ज्वारीच्या दाण्याहून लहान काचेची भिंगे घासून तयार केली आणि पितळेच्या पट्टीत बसवून डोळ्याला लावली. त्याच्या उरलेल्या उपकरणांपैकी सर्वांत प्रबळ भिंग सुमारे २७० पट मोठे दाखवते. तेवढ्यावर त्याने १६७०च्या दशकात तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले, पुढे जिवाणूही. त्याच्या आधी, १६६५ मध्ये, लंडनच्या रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ काढला होता. त्याचे यंत्र दोन टप्प्यांचे होते. नमुन्याकडचे भिंग नळीच्या आत वस्तूची मोठी प्रतिमा तयार करते आणि डोळ्याकडचे भिंग त्या प्रतिमेला पुन्हा मोठे करते. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर ४० आणि १० असे आकडे कोरलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे ४०० पट. गुणाकार कितीही वाढवता येतो, तपशील मात्र वाढतोच असे नाही. वर्तमानपत्रातले छायाचित्र मोठे करत नेले की चेहऱ्याऐवजी ठिपके मोठे होतात, तसे. जर्मनीच्या अर्न्स्ट आबेने १८७३ मध्ये दाखवून दिले की प्रकाशलहरीच्या साधारण निम्म्या लांबीहून, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या प्रकाशाचा कोणताही सूक्ष्मदर्शक वेगळे दाखवू शकणार नाही.

आता नारूकडे वळू. निरोगी डोळ्याला हाताच्या अंतरावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी वस्तू जेमतेम दिसते. नारूची पिल्ले लांबीला अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, पण जाडीला मिलिमीटरच्या चाळीस-पन्नासाव्या भागाएवढी. म्हणजे डोळ्याच्या पलीकडची. आणि ती ज्या प्राण्यात वाढतात, तो सायक्लॉप्स हा पाण्यातला झिंग्याच्या जातकुळीतला जीव, एक-दीड मिलिमीटरचा. तो डोळ्याच्या अलीकडचा. पेल्यात पाणी घेऊन उन्हासमोर धरले तर झटके देत सरकणारा पांढुरका ठिपका दिसतो, तो हाच. दहापट दाखवणाऱ्या भिंगाखाली त्याचे थेंबासारखे अंग, लांब मिशा आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या दिसतात. कपाळावर मधोमध एकच डोळा. ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला त्यावरूनच मिळाले. आपले पूर्वज तो शतकानुशतके पीत आले, पाण्यातली धूळ समजून.

भारतातल्या नारूवर चांगला सूक्ष्मदर्शक रोखला गेला तो मुंबईत. हेन्री जॉन कार्टर हा कंपनी सरकारचा शल्यवैद्य. डॉक्टरकीपेक्षा मुंबईच्या तळ्यांतले स्पंज आणि एकपेशी जीव पाहण्यात त्याचा जीव रमे, आणि त्या कामासाठी तो पुढे रॉयल सोसायटीचा सदस्यही झाला. १८५०च्या दशकात भायखळ्याच्या एका शाळेतली मुले त्याच्या पाहण्यात आली. पन्नास मुले एका तळ्यात अंघोळ करीत, आणि वर्षभरात त्यांतल्या एकवीस जणांना नारू झाला. दुसरीकडे अंघोळ करणाऱ्या शाळांतली मुले बहुतेक सुटली. साथीच्या रोगाचा अभ्यास करणाऱ्याला याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण. कार्टरने तळ्याचा गाळ काचेवर घेतला. त्यात सुतासारखे सूक्ष्म कृमी वळवळत होते. नारूच्या पिल्लांशी त्यांचे रूप बरेच जुळत होते. त्याने निष्कर्ष काढला की तळ्यातले हे कृमी अंघोळ करताना कातडीतून आत शिरतात आणि वाढून नारू होतात.

तळे बरोबर होते, मुले बरोबर होती, यंत्र उत्तम होते. प्राणी चुकला. तळ्यातले ते कृमी स्वतंत्र जगणारे, निरुपद्रवी होते. मला राहून राहून वाटते की त्याच तळ्याच्या पाण्यात सायक्लॉप्सही असणारच. गोड्या पाण्यातले बारीक जीव पाहण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने ते शेकडो वेळा पाहिलेले असणार. पण तो शोधत होता सुतासारखे काही, आणि सुतासारखे काही त्याला सापडले. बाहेर पडताना नारू कातडीतून पडतो, तेव्हा आत जातानाही तो कातडीतूनच जात असेल, हा तर्क इतका सरळ होता की पिण्याच्या घोटाकडे लक्ष जायला वीसेक वर्षे लागली.

ते लक्ष गेले समरकंदला. अलेक्सेई फेदचेंको हा रशियन निसर्ग अभ्यासक तुर्कस्तानच्या सफरीवर होता. माशांच्या पोटातला एक कृमी लहानपणी सायक्लॉप्समध्ये राहतो हे तेव्हा नुकतेच कळले होते, आणि लाइपझिगचे प्राध्यापक लॉयकार्ट यांनी नारूचेही तसेच काही असेल का, हे पाहायला त्याला सुचवले होते. फेदचेंकोने नारूची पिल्ले आणि सायक्लॉप्स एकाच भांड्यात ठेवले आणि पाहत राहिला. पिल्ले सायक्लॉप्सच्या पारदर्शक अंगात जाऊन तिथे कात टाकून बदलताना त्याला दिसली. १८७० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. तीन वर्षांनी, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, आल्प्स पर्वतात माँ ब्लाँजवळच्या हिमनदीवर तो गारठून मेला. त्याची यंत्रसामग्री कार्टरच्या सामग्रीहून फार सरस असेल असे मला वाटत नाही. त्याच्याकडे फक्त नेमका प्रश्न होता.

वर्तुळ पुरे व्हायला आणखी दोन माणसे लागली. रॉबर्ट लायपर या ब्रिटिश कृमितज्ज्ञाने गोल्ड कोस्टमध्ये काम करून १९०७ मध्ये दाखवले की जठरातल्या आम्लासारख्या द्रावणात सायक्लॉप्स मरतो, पण आतली पिल्ले उलट जागी होऊन बाहेर पडतात. बाधित सायक्लॉप्स केळ्यातून खाऊ घातलेल्या माकडाच्या अंगात त्याला सहा महिन्यांनी नारूचे किडे सापडले. राहिला माणूस. ते काम परळच्या बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत झाले. हाफकिन यांनी प्लेगसाठी उभारलेली आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेलेली ही संस्था. तिथल्या डॉ. डी. ए. तुर्खुड यांनी १९१३च्या सुमारास स्वयंसेवकांना बाधित सायक्लॉप्स पाजून माणसात नारू निर्माण होतो हे प्रयोगाने सिद्ध केले. या प्रयोगातल्या स्वयंसेवकांचे उपकार आपण कुठेच नोंदवलेले नाहीत. स्वतःच्या पायातून वर्षभराने काय निघणार आहे, हे ठाऊक असून ते पाणी पिणारी ही माणसे होती.

म्हणजे १९१५ पर्यंत सगळे कळले होते. कोणता जीव, कोणत्या पाण्यात, कोणत्या वाटेने. औषधाची गरज नव्हती, लसीची नव्हती. पाणी फडक्याने गाळले तरी पुरे होते, कारण सायक्लॉप्स दुहेरी विणीच्या कापडातून जात नाही. मग आमच्या बारवांतून तो आणखी सत्तर वर्षे कसा पोहत राहिला?

याचे उत्तर शोधताना मी नेहमी शेजारच्या एका शोधाशी तुलना करतो. लोहा आणि सिकंदराबाद तेव्हा एकाच निजामी राज्यात होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाचे जंतू पाहिले. ती गोल पेशी सुमारे १२ मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा ऐंशी बसतील. आत काळ्या रंगाचे कण. हुसेन खान नावाच्या रुग्णाने दर डासाला एक आणा घेऊन आपले रक्त त्या डासांना पाजले होते. रॉसच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते, आणि उरलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेला होता, असे त्याने आठवणींत लिहून ठेवले आहे. तरी दिसायचे ते दिसले. १९०२ मध्ये नोबेल मिळाले आणि डासांविरुद्धची मोहीम जगभर सुरू झाली. नारूचा मध्यस्थ मात्र रॉसच्या पेशीहून शंभरपट मोठा. तो पाहायला तडा गेलेले नेत्रभिंगही नको, बाजारातले साधे भिंग बास. तरी त्याच्यामागे कोणी लागले नाही. हिवतापाने गोरी पलटण आजारी पडे, रेल्वेची कामे थांबत. नारूने माणूस क्वचितच मरे. खेड्यातला शेतमजूर दोन महिने खाटेवर पडे, एवढेच. शिवाय तो रोग गावकुसाच्या आत-बाहेर सारखा वाटला गेलेला नव्हता. चांगल्या आडावर ज्यांना पोहरा टाकायची मुभा नव्हती, त्यांच्या वाट्याला डबके येई.

सरकारी अनास्थेची ही गोष्ट पूर्णपणे अंधारी नाही. १९३०च्या दशकात क्नूट लिंडबर्ग या स्वीडिश डॉक्टरने दख्खनमधल्या एका खेड्यातल्या नारूची घरोघर पाहणी केली. म्हैसूर संस्थानात चित्रदुर्ग जिल्ह्यात व्ही. एन. मूर्ती यांनी पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून रोग कमी करून दाखवला. तिकडे बुखाऱ्यात तर इसायेव यांनी गावातले हौद उपसून १९३१ पर्यंत नारू संपवलाही. आपल्याकडे असे प्रयत्न तुरळक राहिले.

बारवेचा विषय इथे टाळून चालणार नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बारवा स्वच्छ करण्याची, महाशिवरात्रीला त्यांत दिवे लावण्याची सुंदर चळवळ उभी राहिली आहे. मलाही बारव आवडते. उन्हाळ्यात तिच्या तळाशी उतरताना अंगाला लागणारा गारवा, चिऱ्यांची घडण, कोनाड्यातली मूर्ती. पण नारूच्या दृष्टीने पाहिले तर माणसाने त्याच्यासाठी याहून सोयीचे बांधकाम केलेले नाही. फोडाची आग होणारी बाई घागर घेऊन पायऱ्या उतरते. पाय पाण्यात बुडवला की आग शमते, आणि नेमक्या त्याच क्षणी आतली मादी लाखो पिल्ले पाण्यात सोडते. सायक्लॉप्स ती गिळतो. दोनेक आठवड्यांत ती माणसाला बाधायला तयार होतात. उन्हाळ्यात पाणी तळाला जाते, त्यात सायक्लॉप्सची दाटी होते, आणि पुढची घागर भरली जाते. वर्षभराने, पुन्हा उन्हाळ्यात, फोड. आडात पोहरा जातो, पाय जात नाही. बारवेत पाय जातो. एवढाच फरक.

हे चक्र तुटले ते पुष्कळसे मराठवाड्यातच घडलेल्या एका साध्या यंत्रामुळे. विंधन विहिरी खोदल्या गेल्या, पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे घरगुती हातपंप गावाचा भार सोसत नसत, महिन्या-दोन महिन्यांत मोडत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जालन्यात मिशनच्या कामगारांनी पोलादाचा, एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा पंप बनवला. जालना पंपाचे रूप पुढे सोलापुरात सुधारले, आणि त्यावरूनच युनिसेफच्या मदतीने १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो दिसतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडे शाळेशेजारी, मारुतीच्या पारापाशी जो हापसा उभा राहिला, तो पाणी तर देईच, पण खोल खडकातले ते पाणी अंधारातले असल्याने त्यात सायक्लॉप्स नसे, आणि कोणाचा पाय त्यात बुडत नसे.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. १९८४ मध्ये सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत ३९,७९२ रुग्ण मोजले गेले. महाराष्ट्र त्या सातांत होता. घरोघर शोध, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे टेमिफॉस, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्यांचे आड करणे, आणि घागरीच्या तोंडाला बांधायचे फडके किंवा नायलॉनची जाळी. या जाळीची भोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासची, म्हणजे जवळजवळ आपल्या डोळ्याच्या सीमेएवढी.

पण फडके बांधायला माणूस सहज तयार होत नाही. "पाणी तर निवळ दिसतंय, गाळायचं कशाला?" हा प्रश्न मी गावातल्या जुन्या माणसांकडून कितीदा तरी ऐकला आहे, आणि तो अडाणी प्रश्न नाही. त्यावर व्याख्यान चालत नाही, भिंग चालते. शाळेत मी मुलांना बारवेचे पाणी पांढऱ्या बशीत घेऊन दहापटीच्या भिंगाखाली दाखवायचो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नातवाच्या हातून भिंग घेतले, बराच वेळ पाहिले, मग भिंग बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी पाहिले. "आता बिनभिंगाचं बी दिसायलंय की," म्हणाले. एकदा आकार कळला की डोळा तो उचलतो. फडक्यातून गाळलेले पाणी दुसऱ्या बशीत घेऊन त्यांना दाखवले, तर ते रिकामे होते. त्यांनी फडके उलटे करून त्यावर चिकटलेले ठिपकेही निरखले.

भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. १९८०च्या दशकाच्या मध्यात जगभर दरसाल अंदाजे पस्तीस लाख लोकांना नारू होई. अलीकडच्या वर्षांत हा आकडा पंधराच्या आसपास येऊन थांबला आहे. पंधरा लाख नव्हे, पंधरा माणसे.

तो शून्यावर येत नाही, याचे कारण चाड देशातली कुत्री. गेल्या दशकापासून तिथे कुत्र्यांच्या अंगातून माणसाचाच नारू निघू लागला आहे. नदीकाठी टाकलेली माशांची आतडी खाऊन त्यांना तो होत असावा, असा तिथल्या संशोधकांचा कयास आहे. कुत्र्याला नारूची लागण करता येते, हे चित्रदुर्गच्या मूर्तींनी १९३०च्या दशकात प्रयोग करून छापले होते. आमच्या बारवांतल्या सायक्लॉप्समध्ये आता नारू नाही. सायक्लॉप्स मात्र आहेत. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की पूर्वीसारखेच दाट.